स्टेज कुणाचं होतं

“तुम्ही चोर आहात,” असं म्हणत सुगंधाने टेकडीवरून ओढत आणलेला फ्लेक्स दादांच्या कार्यालयाच्या उंबऱ्यावर टाकला. “माझ्या पोराचा चेहरा चोरलात. त्याला विचारलं नाही, मला विचारलं नाही. खांबाला बांधून मोकळे झालात.”

फ्लेक्स दहा फुटी होता. निम्मा कार्यालयात आला, निम्मा बाहेर रिक्षांच्या रांगेपुढे पसरला. डावीकडे फौजेतला नायक सौरभ पाईकराव, अंगावर वर्दी, हात कपाळाशी सलामीत. उजवीकडे हात जोडलेले दादा, सौरभच्या दुप्पट मोठे. मधोमध लाल अक्षरांत ‘सीमेवर आपला सौरभ, प्रभागात आपले दादा’ आणि खाली पक्षाचं चिन्ह. सुतळ्या तिने भाजीच्या सुरीने कापल्या होत्या. सुरी अजून हातातच होती. केतनची नजर तिच्यावर गेली तेव्हा तिने ती पिशवीत टाकली.

केतन टेबलामागे मतदारांच्या स्लिपांचे गठ्ठे लावत बसला होता. समतानगरातलाच, शाळेत सौरभच्या दोन वर्षं पुढे. दादांचे फ्लेक्स, दादांची सभा, दादांचं फेसबुक, सगळं तोच बघायचा.

“मावशी, बसा आधी. पाणी घ्या.”

“पाणी नको. दादा कुठायत?”

“प्रचाराला गेलेत, असल्फ्याला. आणि चोर काय म्हणता यार मावशी? बाहेर लोक ऐकतायत.”

“ऐकू दे.”

केतनने फोन काढला. अंगठ्याने बराच वेळ वर सरकवत राहिला. मग फोन तिच्याकडे फिरवून टेबलावर ठेवला.

“हा फोटो कोणी पाठवलाय? नंबर बघा. खाली काय लिहिलंय ते पण वाचा.”

तिचाच नंबर होता. फोटोखाली तिचेच शब्द होते. ‘घे. चांगला मोठा लाव.’ पुढे जोडलेले दोन हात.

सुगंधाने ते एकदा वाचलं. साडीच्या पदराने मान पुसली.

“अभिनंदनाचा लावतो म्हणालेलास तू. नायक झाला म्हणून.”

“लावला की. दिवाळीभर होता, तुम्हीच खाली उभं राहून सेल्फी काढलात. मग निवडणूक लागली. वरचा मजकूर बदलला. फोटो तोच.”

“आणि बाबासाहेब?”

“काय?”

“फोटोत बाबासाहेब होते. पोरगं त्यांना सलाम करतंय. ते कुठे गेले?”

केतन स्लिपांच्या गठ्ठ्याला रबर लावायला लागला. “डिझाइनमध्ये बसत नव्हतं,” तो म्हणाला.

समतानगरात फ्लेक्स कशाचाही लागतो. दहावी पास झाला, फ्लेक्स. पहिला वाढदिवस, फ्लेक्स. एकाने कुत्र्याचासुद्धा लावला होता, गळ्यात चेन घालून. लग्नपत्रिकेला जसं खाली ‘आपले नम्र’ असतं तसा फ्लेक्सला खाली कुणी ना कुणी पुढारी असतोच. त्याला राजकारण म्हणायचं हे सुगंधाच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. पोराचा फोटो चौकात लागणार, येणारे-जाणारे मान वर करून बघणार, एवढंच तिला दिसलं होतं.

आता त्याच फ्लेक्सचा फोटो दुसऱ्या पक्षाच्या कुणीतरी काढला, तक्रार केली, आणि तो फिरत फिरत सौरभच्या युनिटपर्यंत गेला. काल सकाळी त्याचा फोन आला होता. आवाज नेहमीचाच, पण एकेक वाक्य मोजून टाकल्यासारखं.

“पाच दिवसांत लेखी खुलासा मागितलाय, आई. दोन प्रश्न आहेत. पक्षाच्या कार्यक्रमाला वर्दीत का गेलास? आणि फोटो कुणी दिला?”

“पक्षाचा कार्यक्रम कुठे होता रे तो?”

“व्हिडिओ आहे त्यांच्याकडे. दादाच्या फेसबुकवरचा. मी स्टेजवर उभा आहे, तो हार घालतोय.”

“मग काय फाशी देणारेत? हारच घातला ना.”

“आई, फौजेत असताना पक्षाच्या सभेला जायचं नाही. बसायचं नाही, बोलायचं नाही, हातभार लावायचा नाही. मत द्यायचं तेवढं. भरती झालो त्या दिवशी सही केलीय मी त्यावर.” मग थोडं थांबून तो म्हणाला, “सुभेदारसाहेब म्हणतात नोकरी जायची नाही. पण रेकॉर्डात लाल शाईची नोंद झाली तर हवालदारीचा कोर्स विसरायचा. माझं नाव पुढच्या महिन्यात होतं.”

त्या कोर्ससाठी तो दोन वर्षं थांबला होता. सुगंधाला हे ठाऊक होतं. पवईच्या इन्स्टिट्यूटच्या हॉस्टेल मेसमध्ये पोळ्या लाटताना ती शेजारणीला सांगायची, माझा हवालदार होणार, मग बघ.

*

समतानगरची एक रीत आहे. घरातला पहिला माणूस वर्दीच्या नोकरीला लागला, की त्याने एकदा वर्दी घालून टेकडीवरच्या विहारात यायचं, वंदना करायची आणि बाहेरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला सलाम करायचा. मग वस्तीतल्या म्हाताऱ्या पुढे येतात, त्याच्या खांद्यावरून, बटणांवरून हात फिरवतात. पहिल्यांदा कुणी एक पोलीस शिपाई झाला होता, तेव्हापासून हे सुरू आहे. रेल्वेचा तिकीट तपासनीस आला, अग्निशमनवाला आला, एक होमगार्डसुद्धा येऊन गेला. ज्या बायकांनी गावाकडे वर्दी फक्त काठी घेऊन दारात आलेली पाहिली, त्यांना ती हात लावून बघायला मिळते. एवढीच रीत. पण जिच्या घरातली राहिली, तिला ती राहिल्याचं रोज कळतं.

सौरभला फौजेत जाऊन आठ वर्षं झाली होती. एक सुट्टी वडिलांच्या आजारात गेली, एक त्यांच्या दिवसकार्यात, बाकीच्या अशाच. यंदा ऑक्टोबरात तो धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घरी होता.

“आई, वर्दी नको. साध्या कपड्यात येतो.”

“सगळ्यांच्या पोरांची झाली. तुझीच राहिली.”

“नियम असतात गं.”

“बुद्धाला हात जोडायला कुठला नियम?”

त्याने ट्रंक उघडली. वर्दीला इस्त्री स्वतःच केली. विहारातली वंदना दहा मिनिटांत झाली. बाहेर पुतळ्यासमोर त्याने सलाम केला, धाकट्या श्रुतिकाने फोटो काढला. एक म्हातारी त्याच्या बाहीवरची फीत चिमटीत धरून बराच वेळ उभी राहिली. सुगंधाला वाटलं, आता आपण मेलो तरी चालेल.

त्याच दिवशी दादांनी विहाराच्या नव्या शेडचं उद्घाटन ठेवलं होतं. शेड त्यांनी दिलेली. पुतळ्याच्या पलीकडे स्टेज बांधलं होतं, आणि स्टेजची पाठ विहाराकडे होती. पडद्यावर काय छापलंय ते मागून दिसत नव्हतं. केतन धावत आला, सौरभचा दंड धरला.

“चल रे, दोन मिनिटं. नगराच्या वतीने सत्कार.”

सौरभ लाकडी पायऱ्यांपाशी थांबला. मागे वळून त्याने तिला विचारलं, “आई, स्टेज कुणाचं आहे?”

“आपल्या नगराचं. चल, लोक खोळंबलेत.”

सकाळी सात वाजता पाणी भरताना तिने पडदा बांधताना पाहिला होता. चिन्ह पाहिलं होतं. रस्त्याकडच्या कमानीला झेंडे लावत होते तेही पाहिलं होतं.

तो चढला. हार पडला, टाळ्या पडल्या, दादांनी माइकवर त्याचं नाव दोनदा घेतलं. चार मिनिटांत तो खाली उतरला. उतरल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. घरी येऊन वर्दी काढली, घडी घातली, ट्रंकेत ठेवली. जायच्या दिवसापर्यंत त्याने तिच्या हातचं सगळं खाल्लं, पण पुन्हा वाढ असं म्हटलं नाही.

*

केतनकडून निघून ती सरळ शिवदासांकडे गेली. शिवदास पोस्टातून निवृत्त झालेले, विहार समितीचे सचिव. सुगंधाच्या नवऱ्याचे दोस्त. दुपारची वेळ होती, ते खाटेवर बसून चष्म्याची काडी चिकटवत होते.

“भावजी, एक पत्र पाहिजे. समितीच्या लेटरहेडवर.”

तिने सगळं सांगितलं. शिवदासांनी ऐकून घेतलं, चष्मा तसाच अर्धवट बाजूला ठेवला, दुसरा काढला आणि कागद ओढला. त्यांचं अक्षर टपाल खात्यातलं, ठसठशीत. दहा-बारा ओळी झाल्यावर त्यांनी कागद तिच्याकडे दिला. वस्तीची रीत काय आहे, वंदना किती वाजता झाली, सौरभ कुणाच्या सांगण्यावरून वर्दीत आला, ती समितीची परंपरा कशी आहे, सगळं होतं.

“आणि स्टेजचं?” सुगंधाने विचारलं.

“स्टेजचं नाही.”

“नगराचं होतं म्हणून लिहा ना.”

“परवानगी दादांच्या नावावर, खुर्च्या दादांच्या, पडदा दादांचा. नगराचं काय होतं तिथे? खाली बसलेली माणसं.”

“चार ओळींचा प्रश्न आहे, भावजी.”

“खोट्या चार ओळींचा.” शिवदासांनी पेनाला टोपण लावलं. “फौजेतला अधिकारी म्हणजे काय दूधवाला वाटला का तुला? व्हिडिओत चिन्ह दिसतंय हाताएवढं. आणि आपलं पोरगं त्याच्याखाली उभं आहे आणि मी लिहू की ते नगराचं होतं?”

“मग पोराची वाट लागू दे म्हणताय.”

“सौरभला विचारलंस? तो काय लिहिणार आहे?”

सुगंधाने पत्राची घडी घातली. एकदा, दोनदा, चारदा. एवढीशी झाली.

“त्याला काय विचारायचं,” ती म्हणाली. “त्याला कुठे माहीत होतं स्टेज कुणाचं ते.”

शिवदासांनी तिच्याकडे पाहिलं. ते काही बोलणार, तोवर ती उठली.

ते पत्र तिने सौरभला पाठवलं नाही. अर्धं पाठवलं तर साहेब उरलेलं अर्धं मागतील, असं तिला वाटलं. कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं.

*

दादा दुसऱ्या दिवशी सकाळी भेटले. कार्यालयात गर्दी होती, तरी त्यांनी तिला आत घेतलं, खुर्ची दिली, चहा मागवला. दादांची हीच गोष्ट लोकांना आवडायची. ते कुणावर ओरडत नसत.

“ताई, तुम्ही फ्लेक्स कापलात. मी काही बोललो का? दुसऱ्या कुणी कापला असता तर पोलीस स्टेशनला बसवला असता.”

“माझ्या पोराचा कोर्स अडकलाय.”

“केतनने सांगितलं. वाईट वाटलं मला. अहो, आपल्या वस्तीचा पोरगा. त्याच्यावर डाग यावा अशी माझी इच्छा असेल का?”

“मग लिहून द्या. कार्यक्रम नगराचा होता, पक्षाचा संबंध नव्हता, आणि फोटो न विचारता छापला.”

“देतो की. लेटरहेडवर देतो, सही-शिक्क्यासकट.” दादांनी बशीतला चहा संपवला. “एक छोटंसं काम आहे. रविवारी मैदानात सभा आहे आपली. तुम्ही स्टेजवर या. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं. वीरमाता म्हणून सत्कार करू.”

सुगंधाचा कप ओठापर्यंत आला होता, तो तिने खाली ठेवला.

“वीरमाता जिचं पोरगं गेलं तिला म्हणतात. माझं जिवंत आहे.”

कार्यालयात दोघं-तिघं हसले. दादाही हसले, पण तिला वाईट वाटू नये इतपतच.

“अहो, म्हणायची पद्धत असते. लोकांना बरं वाटतं.”

“मला नाही वाटत.”

“बरं, नाही म्हणणार. नुसत्या बसा.”

“पत्र आधी द्या.”

“स्टेजवरून उतरलात की केतन हातात देईल.”

“आणि पोराचा फोटो परत कुठे दिसता कामा नये.”

“काढला समजा,” दादा म्हणाले, आणि दारात उभ्या असलेल्या पुढच्या माणसाकडे पाहून मान हलवली.

नियम तर साफ आहे. वर्दी घालणाऱ्याने पक्षाच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. ठेवला की त्याला पाच दिवसांत लिहून द्यावं लागतं. वर्दीवाल्याला दंड धरून वर चढवणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही. त्याचा फोटो छापणाऱ्यालाही कुठला तरी नियम असेलच, पण तो अजून टेकडी चढून आलेला नव्हता. दादांना कुणी कमांडर नव्हता. पाच दिवस सौरभकडे होते, आणि त्यातले दोन गेले होते.

*

“सौरभदादाला फोन कर आधी,” श्रुतिका म्हणाली. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. डबा भरता भरता बोलत होती. “त्याला विचार.”

“ड्युटीवर असेल.”

“मेसेज टाक मग.”

“पत्र हातात आलं की सांगीन.”

“आई, स्टेजवर जाऊ नको गं. परत तेच करतेयस.”

“मी फौजेत आहे का? मला कुणाचा नियम नाही. मी कुठेही बसेन.”

“मग त्याला सांगायला का घाबरतेस?”

सुगंधाने तिच्या डब्याचं झाकण दाबलं. एका बाजूने दाबलं की दुसरीकडून उघडत होतं. शेवटी तिने डबा श्रुतिकाकडे तसाच सरकवला.

“तुला बसची घाई आहे ना? जा.”

*

रविवारी पाच वाजता केतन रिक्षा घेऊन आला. मैदानात खुर्च्या भरल्या होत्या. मागच्या रांगांत मेसमधल्या दोघी बसल्या होत्या, त्यांनी हात हलवला. सुगंधाने पांढरी साडी नेसली होती, निळ्या काठांची, जयंतीला नेसायची ती. पायऱ्यांपाशी एका मुलीने तिच्या पदराला बिल्ला लावला. सोनेरी कागद, मधोमध अक्षरं. वीरमाता.

“हे नको म्हणाले होते मी.”

“काकी, सगळे छापून आलेत,” ती मुलगी म्हणाली. “नुसता लावायचा असतो. सभा झाली की काढा.”

सुगंधाने पिन उघडायचा प्रयत्न केला. पिन पदराच्या दोन पदरांतून आरपार गेली होती. मागून कुणीतरी म्हणालं, चला चला, दादा आले. ती वर गेली.

तिची खुर्ची तिसरी. एका बाजूला एक निवृत्त मास्तर, दुसऱ्या बाजूला महिला आघाडीच्या कुणीतरी बाई, त्यांनी तिचा हात हातात घेऊन ठेवला. भाषणं सुरू झाली. गटारं, पाणी, पुनर्विकास. सुगंधा समोर बघत राहिली. मग खालच्या लोकांच्या माना एकदम वर झाल्या, सगळ्यांच्या एकदम, तिच्या डोक्यावरून मागे. तिने वळून पाहिलं.

मागे मोठा पडदा होता, चित्रं बदलणारा. त्यावर सौरभ होता. दोन मजल्यांएवढा. सलामीत.

“केतन,” तिने हाक मारली. केतन स्टेजच्या कडेला उभा होता. तो वाकत वाकत तिच्या खुर्चीशी आला.

“काढतो म्हणाले होते ना दादा?”

“फ्लेक्सवरून काढलाय मावशी. ही क्लिप आधीच बनली होती.”

“बंद कर.”

“आता? दादा बोलायला उभे राहिलेत.”

“मग मी उठते.”

केतनने खिशातून पाकीट काढलं, लांबट, पांढरं, आणि तिला दिसेल एवढंच वर करून परत ठेवलं. “दहा मिनिटं,” तो म्हणाला. “मावशी, प्लीज. दहा मिनिटं.”

ती बसून राहिली.

दादा माइकवर होते. आमच्या वस्तीचा पोरगा, असं म्हणाले. त्याची आई आज आपल्यासोबत आहे, असं म्हणाले. मग ते चालत तिच्याकडे आले, तिचा उजवा हात मनगटाला धरला आणि वर केला. तव्याच्या चटक्यांचे डाग असलेला तो हात एवढ्या लोकांपुढे वर गेला तेव्हा सुगंधाला पहिल्यांदा त्याची लाज वाटली. तिने तो खाली ओढला नाही. दादांच्या पकडीत जोर नव्हता, ओढला असता तर सुटला असता. समोर शंभर मोबाइल वर झाले होते.

खाली उतरल्यावर केतनने पाकीट दिलं. त्यात कबूल केलेलं सगळं होतं. ‘सदर कार्यक्रम हा समतानगर रहिवाशांचा धार्मिक व सामाजिक कार्यक्रम असून पक्षाचा त्याच्याशी कोणताही संबंध नव्हता. छायाचित्र अनवधानाने वापरले गेले.’ सही. शिक्का. सुगंधाने तिथेच, मैदानाच्या कडेला, कागद रिक्षाच्या सीटवर सरळ केला, फोटो काढला आणि सौरभला पाठवला. खाली लिहिलं, ‘काम झालं. काळजी करू नको.’

पिन घरी आल्यावर श्रुतिकाने काढली.

*

सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला मेसमध्ये रात्रीच्या जेवणाची कणीक मळून झाली होती. सुगंधाने पहिला गोळा घेतला, तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. सौरभ. तिने हात पदराला पुसले आणि मागच्या दाराशी, बटाट्यांच्या गोण्यांपाशी जाऊन उभी राहिली.

“मिळालं का पत्र?”

“मिळालं.”

“छापून दे साहेबांना. सही आहे, शिक्का आहे. आता काय बोलतील?”

“आई, मी शनिवारीच लिहून दिलं.”

“काय लिहिलंस?”

“झालं ते. वर्दी घातली, वंदना केली, स्टेज कुणाचं ते न बघता चढलो, चूक माझी. फोटो कुणी दिला ते मला माहीत नाही, असं लिहिलं.”

सुगंधाने गोणीच्या शिवणीतला एक दोरा ओढला. तो लांबत गेला.

“मग?”

“साहेब म्हणाले, सरळ लिहिलंस, बरं केलंस. ताकीद देऊन सोडतो. कोर्सचं नाव तसंच ठेवतो.”

“मग झालं की रे!” तिचा आवाज मोठा झाला. आतल्या दोघींनी वळून पाहिलं. “किती घाबरवलंस मला.”

पलीकडे, सौरभच्या मागे कुठेतरी गाडी चालू होत होती, बंद पडत होती.

“आज परत बोलावलं,” तो म्हणाला. “कालच्या सभेचा व्हिडिओ आलाय त्यांच्याकडे. मागे माझा फोटो आहे, पुढे तू. तुझा हात त्या माणसाच्या हातात. पदराला बिल्ला.”

“अरे, ते पत्र देणार नव्हते नाहीतर. मी नुसती बसले. मी कुठे फौजेत...”

“आई, ऐक. साहेबांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. विचारलं, ये औरत कौन है?”

आतून कुणीतरी हाक मारली, “सुगंधाताई, तवा तापलाय.” तिने हाताने थांब अशी खूण केली. तिच्या बोटांवरची कणीक वाळत आली होती.

“तू काय सांगितलंस?” तिने विचारलं.

“काही नाही. उभा राहिलो नुसता. आईला ओळखायला वेळ लागतो का? पण तोंडातून नाव निघेना. मग ते म्हणाले, उद्या सकाळी नऊला लिहून आण. कोण आहे, तिथे का बसली, आणि फोटो हिनेच दिला का.”

“सौरभ...”

“नऊ वाजता द्यायचंय, आई. एकदा खरं लिहिलं म्हणून सोडत होते. आता परत लिहायचंय. खाली माझी सही असणार आहे.” त्याने श्वास घेतला. आवाज अजूनही खालीच होता, ड्युटीवरच्या माणसाचा. “सांग. मी काय लिहू?”